७७०, ८००, ८५०: साताऱ्यातून जांभळ्या जीवाणूंचा वर्णपट काढताना

एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षी आम्हाला संशोधन प्रकल्प करावा लागतो. २०२४-२५ मध्ये मी तो साताऱ्यातील आमच्या महाविद्यालयातून जांभळ्या प्रकाशसंश्लेषी जीवाणूंवर पूर्ण केला. हे जीवाणू प्रकाश कसा गोळा करतात, गोळा केलेली ऊर्जा अभिक्रिया केंद्रापर्यंत, म्हणजे जिथे तिचे रासायनिक काम सुरू होते तिथपर्यंत, कशी पोहोचवतात आणि यातला कोणता भाग जिल्ह्याच्या ठिकाणी उपलब्ध असलेल्या साधनांनी दाखवता येतो, हा माझा विषय होता. सुरुवातीला हाती आलेले बहुतेक वाचन मोठ्या लेसर प्रयोगशाळांमधले होते आणि ते वाचून धीर खचत असे. पुढे कोणी हा विषय घेणार असेल तर त्याला वाटेतले टप्पे आधी कळावेत, म्हणून सगळे क्रमाने लिहिते आहे.

जुलैमध्ये विषय-मंजुरीचा अर्ज भरायचा होता. या विषयाचे वाचन सुरू केले की 'क्वांटम' हा शब्द लगेच समोर येतो. हरित गंधक-जीवाणूंमधील एफएमओ नावाच्या प्रथिनावर बर्कलीतील ग्रॅहॅम फ्लेमिंग यांच्या गटाने ७७ केल्विन तापमानाला केलेला प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ऊर्जेचे अपेक्षेपेक्षा जास्त वेळ टिकणारे स्पंद दिसले आणि निसर्ग क्वांटम संगणकासारखा हिशेब करतो, असे लेख सगळीकडे आले. नंतरच्या वर्षांत ते स्पंद बहुतांशी रेणूंच्या कंपनांतून येतात, असे अनेक गटांनी दाखवले. आमच्या गाईड मॅडमनी दोन्ही काळातले लेख वाचायला दिले आणि सांगितले, "जे तू स्वतः मोजून दाखवणार आहेस, तेवढेच शीर्षकात लिही." त्याप्रमाणे 'स्थानिक गाळातून मिळवलेल्या जांभळ्या जीवाणूंच्या प्रकाशसंकलक संकुलांचा वर्णपटीय अभ्यास' असे साधे शीर्षक ठरले (वर्णपट म्हणजे कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो, त्याचा आलेख) आणि समितीने ते ऑगस्टच्या सुरुवातीला मंजूर केले. शीर्षक साधे असले की पुढचे सगळे अर्ज सोपे होतात, हा अनुभव मला वर्षभर येत राहिला.

ऑगस्टचा महिना वाचनात गेला. भर उन्हातसुद्धा रंगद्रव्याचा एक रेणू सेकंदाला मोजकेच फोटॉन शोषतो, आणि हे जीवाणू तर गढूळ पाण्याखाली, चिखलात राहतात. प्रत्येक रेणूला स्वतंत्र अभिक्रिया केंद्र दिले असते तर ती महागडी यंत्रणा बहुतेक वेळ रिकामी राहिली असती. १९३२ मध्ये रॉबर्ट इमर्सन आणि विल्यम अर्नोल्ड यांनी क्लोरेला या शैवालावर प्रकाशाच्या क्षणिक झोतांचे प्रयोग केले. एका झोतात ऑक्सिजनचा एक रेणू मिळण्यामागे क्लोरोफिलचे सुमारे २,५०० रेणू असतात, असे त्यांना आढळले. म्हणजे बहुतेक रेणू फक्त प्रकाश गोळा करतात आणि रासायनिक काम थोड्याच ठिकाणी होते. जांभळ्या जीवाणूंमध्ये हीच विभागणी फार सुटसुटीत रूपात पाहायला मिळते.

१९९५ मध्ये ग्लासगो विद्यापीठातील रिचर्ड कॉगडेल आणि नील आयझॅक्स यांच्या गटाने तेव्हा र्‍होडोस्युडोमोनास ॲसिडोफिला या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जीवाणूच्या एलएच-२ या प्रकाशसंकलक (लाइट-हार्वेस्टिंग) संकुलाची, म्हणजे प्रथिने आणि रंगद्रव्ये यांच्या एकत्र बांधणीची, रचना प्रसिद्ध केली. प्रथिनांच्या नऊ जोड्यांचे ते एक कडे आहे आणि त्यात बॅक्टेरिओक्लोरोफिल-ए या रंगद्रव्याचे २७ रेणू बसवलेले आहेत. त्यांपैकी नऊ रेणू एकमेकांपासून सुमारे २.१ नॅनोमीटर अंतरावर, सुटे सुटे आहेत आणि ते ८०० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतात. उरलेले अठरा जेमतेम ०.९ नॅनोमीटर अंतराने एकमेकांना खेटून उभे आहेत आणि ते ८५० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतात. रेणू एकच, प्रथिनाचे कडेही एकच, फक्त उभे राहण्याची रीत वेगळी आणि शोषणात ५० नॅनोमीटरचा फरक. माझा सगळा प्रकल्प या एका गोष्टीवर उभा राहिला.

८०० च्या रेणूने घेतलेली ऊर्जा ८५० च्या कड्यात यायला एक पिकोसेकंदही लागत नाही. एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. तिथून ती शेजारच्या एलएच-१ या मोठ्या कड्यात साधारण ३ ते ५ पिकोसेकंदांत जाते. एलएच-१ चे शोषण ८७५ च्या आसपास असते आणि त्याच्या मधोमध अभिक्रिया केंद्र बसलेले असते. एलएच-१ मधून केंद्रातील रेणूंच्या खास जोडीपर्यंतचा शेवटचा टप्पा सर्वांत संथ आहे. त्याला ३५ ते ५० पिकोसेकंद लागतात, कारण तिथले अंतर ४ नॅनोमीटरच्या घरात आहे. थिओडोर फोर्स्टर यांनी १९४० च्या दशकात मांडलेल्या सूत्रानुसार एका रेणूकडून दुसऱ्याकडे ऊर्जा जाण्याचा वेग अंतराच्या सहाव्या घाताने कमी होतो, म्हणजे अंतर दुप्पट झाले की वेग चौसष्टाव्या भागावर येतो. हे सगळे काळ वाचले की प्रवास किती वेळात व्हायला हवा, असा प्रश्न पडतो. एलएच-२ एकटे असेल तर त्यातली ऊर्जा सुमारे एक नॅनोसेकंद, म्हणजे १,००० पिकोसेकंद टिकते. त्या मानाने सगळा प्रवास साठ-सत्तर पिकोसेकंदांत उरकतो, म्हणून वाटेत फारच थोडी ऊर्जा वाया जाते.

गणपती झाल्यावर, पाऊस ओसरला तेव्हा, गाळ आणायला संगम माहुलीच्या खालच्या अंगाला नदीकाठच्या एका शेतावर गेले. तयार कल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेले जीवाणू) चंदीगडच्या एमटीसीसी किंवा पुण्याच्या एनसीआयएम या संग्रहांमधून मागवता येतात. पण माझ्या शीर्षकात 'स्थानिक' हा शब्द होता. खासगी जमिनीतला नमुना घेताना मालकाच्या संमतीची एक ओळ आणि सही घेऊन ठेवावी, ती प्रबंधाला जोडता येते. शेताचे मालक असलेल्या काकांनी सही करता करता विचारले, "चिखल कशाला गं पोरी, मासं पाळायचं काय?" मी थोडक्यात सांगितल्यावर ते स्वतः पुढे झाले आणि म्हणाले, "मग हितला नको. तिकडं ओघळीत पाचट कुजून पडलीया, उन्हाळ्यात तिथलं पाणी तांबडं दिसतंय बघ." पाचट कुजून ऑक्सिजन संपलेला, कुजक्या अंड्यासारखा वास येणारा तो काळा गाळ म्हणजे या जीवाणूंचे हक्काचे ठिकाण होते. पुस्तके वाचून मला ती जागा इतक्या लवकर सापडली नसती.

गाळाचा चमचाभर अंश मॅलेट, अमोनियम क्लोराईड, फॉस्फेट, मॅग्नेशियम सल्फेट आणि थोडे यीस्ट एक्स्ट्रॅक्ट घातलेल्या मीडियममध्ये टाकून स्क्रू कॅपच्या बाटल्या काठोकाठ भरल्या. काठोकाठ भरणे महत्त्वाचे असते, कारण हवा राहिली तर हे जीवाणू रंगद्रव्य बनवणेच थांबवतात. आता प्रश्न उजेडाचा आला. घरोघरचे पांढरे एलईडी इथे निरुपयोगी आहेत, कारण त्यांच्यात अवरक्त, म्हणजे तांबड्याच्या पलीकडचा डोळ्यांना न दिसणारा, भाग जवळजवळ नसतो आणि ८००-८५० चा प्रकाश त्याच भागातला आहे. जुना पिवळा ६० वॅटचा बल्ब लागतो आणि तो हल्ली सहजासहजी मिळत नाही. पोवई नाक्याजवळच्या दुकानांत विचारत फिरल्यावर एका जुन्या विद्युत-दुकानात चार बल्ब मिळाले, ते सगळे घेऊन ठेवले. बल्ब आणि बाटल्या यांच्यामध्ये पाण्याने भरलेले काचेचे भांडे ठेवले की उष्णता अडते आणि हवा तो प्रकाश बराचसा पलीकडे जातो.

शैवाल वाढू नये म्हणून बाटल्यांना अशी गाळणी हवी होती की जी दिसणारा प्रकाश अडवेल आणि अवरक्त जाऊ देईल. विकतची गाळणी हजारोंच्या घरात जाते. पूर्ण प्रकाश लागून मग धुतलेली रंगीत निगेटिव्ह फिल्म हेच काम करते, असे मॅडमना ठाऊक होते. राजपथावरच्या एका फोटो स्टुडिओतील मामांनी जुन्या खोक्यातून तशा काळ्या पट्ट्या शोधून दिल्या आणि पैसे घेतले नाहीत. कृष्णधवल फिल्म मात्र चालत नाही, कारण तिच्यातले चांदीचे कण अवरक्तही अडवतात. पट्ट्यांचे दोन थर बाटलीभोवती गुंडाळून सेलोटेपने चिकटवले. आतमध्ये डोळ्यांना मिट्ट काळोख होता. दीड-दोन आठवड्यांनी पट्टी सोडली तेव्हा बल्बकडच्या काचेवर तपकिरी-तांबडा थर धरलेला होता आणि हिरवा रंग कुठेही नव्हता. आपल्याला अंधार वाटणाऱ्या जागी कोणीतरी प्रकाशावर जगते आहे, हे तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिले आणि बराच वेळ ती बाटली हातातून खाली ठेववेना.

दिवाळीच्या सुट्टीत प्रयोगशाळेला कुलूप लागणार आणि मुख्य बटण बंद होणार, हे कळल्यावर बल्ब चालू ठेवण्याच्या परवानगीसाठी अर्ज केला. विभागप्रमुखांची शिफारस, प्राचार्यांची सही आणि विद्युत सुरक्षेबाबत हमीपत्र, इतके सगळे झाल्यावर कार्यालयाने रास्त शंका काढली की बंद खोलीत तापणारा बल्ब ठेवता येणार नाही. सीसीटीव्ही कॅमेऱ्यांत रात्रीसाठी जे अवरक्त एलईडी वापरतात ते बहुधा ८५० नॅनोमीटरचेच असतात. कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या दुकानातून निकामी कॅमेऱ्यातली एलईडीची पट्टी आणि १२ व्होल्टचा ॲडॉप्टर मिळून साडेतीनशे रुपयांत काम झाले. ती पट्टी तापत नसल्यामुळे परवानगीही मिळाली. मोबाईलच्या कॅमेऱ्यातून तिचा फिकट प्रकाश दिसतो, त्यावरून ती चालू आहे की नाही ते तपासता येते. नुसत्या डोळ्यांनी तिच्याकडे जवळून पाहू नये. सुट्टीनंतर बाटल्या दाट झालेल्या होत्या. या वाढीचे कारणही विषयात बसणारे आहे: ८५० चा प्रकाश थेट कड्यातल्या त्या खेटून उभ्या असलेल्या अठरा रेणूंवर पडतो आणि तिथून पुढची वाट नेहमीचीच असते.

वितळलेल्या अगारमध्ये क्रमाने विरळ करत शेक ट्यूब लावल्या, वर पॅराफिनचा थर दिला आणि वेगळ्या वसाहती उचलल्या. हे काम वेळखाऊ आहे, पण त्यात सांगण्यासारखे विशेष काही नाही. १६ एस ही जनुकावरून ओळख पटवणारी चाचणी पुण्यातील एका खासगी प्रयोगशाळेतून करून घेतली आणि त्यावरून हा जीवाणू र्‍होडोबॅक्टर गटातला असल्याचे समजले. भारतात या जीवाणूंवर हैदराबादमध्ये मोठे काम झाले आहे. तिथल्या सी. व्ही. रमणा आणि सी. शशिकला यांनी कितीतरी नव्या जाती नोंदवल्या आहेत. ओळख पटवण्याच्या पद्धतींसाठी मी त्यांचे शोधनिबंध समोर ठेवले होते आणि नवख्या विद्यार्थ्यांनी तेच ठेवावेत, असे मला वाटते.

खरी अडचण यंत्राची होती. आमच्या विभागातला प्रकाशाचे शोषण मोजणारा कलरिमीटर ७०० नॅनोमीटरवर संपतो आणि माझी सगळी गोष्ट ७०० च्या पुढे सुरू होते. १,१०० नॅनोमीटरपर्यंत जाणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर हवा होता. तो एका बाहेरच्या उपकरण केंद्रात होता. अर्ज, गाईडची सही, प्राचार्यांचे फॉरवर्डिंग लेटर, ऑनलाईन भरलेल्या शुल्काची पावती आणि नमुना रोगकारक नसल्याचे प्रमाणपत्र, असा संच लागतो. नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक होती, २० तारखेला मतदान आणि २३ ला मतमोजणी. आमच्या कार्यालयातील बरेच कर्मचारी त्या कामावर होते, त्यामुळे पत्र महिनाअखेरीस मिळाले. डिसेंबरच्या तारखेला निघण्याआधी केंद्रातून फोन आला की यंत्राचा दिवा बदलायचा आहे, आणि तारीख जानेवारीवर गेली. अशा वाटेने जायचे असेल तर कागदपत्रे नमुना तयार होण्याच्या दोन महिने आधी फिरवायला सुरुवात करावी. अर्जावर कोणत्या तरंगलांबीपर्यंत स्कॅन हवा ते ठळक लिहावे, नाहीतर ८०० ला थांबवून देतात. शुल्क एका नमुन्याला दीडशे रुपये होते. एसटीत महिलांना अर्धे तिकीट असल्यामुळे प्रवासाचा भार फारसा पडला नाही.

जानेवारीत कल्चर फॉइलमध्ये गुंडाळून, बर्फाच्या थर्मासमध्ये घेऊन गेले. यंत्र चालवणाऱ्या सरांनी नळी उजेडात धरून पाहिली आणि विचारले, "जांभळे जीवाणू म्हणालात ना, हे तर तपकिरी आहेत." हवेशिवाय वाढवलेल्या र्‍होडोबॅक्टरमध्ये स्फेरॉइडीन हे कॅरोटिनॉइड, म्हणजे गाजरासारख्या पिवळ्या-नारिंगी रंगद्रव्यांच्या गटातले रंगद्रव्य, असते, म्हणून कल्चर पिवळट-तपकिरी दिसते. हवा लागली की त्याचे स्फेरॉइडिनोन बनते आणि रंग लाल होतो. जिवंत पेशी प्रकाश विखुरतात आणि आलेख तिरका चढत जातो, म्हणून पेशी ६० टक्के साखरेच्या द्रावणात घेतल्या होत्या. घट्ट द्रावणात पेशी आणि भोवतालचे पाणी यांच्या प्रकाश वळवण्यातला फरक कमी होतो आणि विखुरणे बरेच घटते. क्वार्ट्झच्या महाग क्युव्हेटची (नमुना ठेवण्याच्या नळीची) गरज नाही, ३५० च्या वर साध्या काचेचे चालते.

स्कॅन १,००० वरून खाली सुरू झाला. पडद्यावर रेघ बराच वेळ सपाट चालत राहिली. ९०० च्या खाली ती उचलली, ८७५ जवळ एक खांदा दिसला, ८५० ला उंच शिखर आले, मग दरी आणि ८०० ला दुसरे, बारीक आणि टोकदार शिखर. पुढे ५९० ला एक छोटा उंचवटा आणि ४५० ते ५१० च्या दरम्यान कॅरोटिनॉइडची तीन बोटे. इतके महिने कागदावर वाचलेले आकडे पाचटीच्या ओघळीतून आलेल्या जीवाणूंनी जसेच्या तसे काढून दाखवले, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले. सरांनी काही न बोलता त्या आलेखाची एक जादा प्रत काढून दिली.

दुसरा नमुना अर्काचा होता. पेशींवर ॲसिटोन आणि मेथॅनॉल यांचे ७:२ मिश्रण घालून, मंद उजेडात ढवळून, सेंट्रिफ्यूज केल्यावर वरचे स्वच्छ द्रावण घेतले. या द्रावणात रंगद्रव्य तेच असते, फक्त प्रथिनाची चौकट गेलेली असते. नव्या स्कॅनमध्ये ८०० चे शिखर नव्हते, ८५० चेही नव्हते आणि ८७५ चा खांदाही नव्हता. सगळ्यांच्या जागी ७७० ला एकच शिखर उभे होते. दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवून पाहिले की मांडणी म्हणजे काय, ते समजते. एकटा रेणू ७७० ला शोषतो. प्रथिनाच्या खोबणीत बसला की ८०० ला जातो. शेजाऱ्यांना खेटून उभा राहिला की त्याची आणि शेजाऱ्यांची उत्तेजित अवस्था सामाईक होते आणि शोषण ८५० ला सरकते. ऊर्जा कोणत्या दिशेने जाईल हे याच सरकण्याने ठरते. निसर्गाने त्यासाठी तीन वेगळी रंगद्रव्ये घडवली नाहीत, एकच रेणू तीन रीतींनी मांडला. ज्यांना एकच प्रयोग करणे शक्य असेल, त्यांनी हाच करावा. त्याला शंभर-दीडशे रुपयांची द्रावणे आणि दोन स्कॅन पुरतात.

फेब्रुवारीत एकच कल्चर बल्बपासून जवळ आणि लांब ठेवून वाढवले. लांबच्या, कमी उजेडातल्या बाटलीत ८७५ च्या मानाने ८५० चे शिखर ठळकपणे उंच होते. उजेड कमी पडला की जीवाणू प्रत्येक अभिक्रिया केंद्रामागे एलएच-२ ची कडी वाढवतो, म्हणजे प्रकाश गोळा करण्याचे क्षेत्र वाढवतो. मात्र एक मर्यादा प्रबंधात स्पष्ट लिहिली: वर्णपटावरून ऊर्जा-पातळ्या कळतात, वेग कळत नाहीत. पिकोसेकंदांचे आकडे मोजायला अतिजलद लेसर लागतो, म्हणून ते सगळे प्रसिद्ध संशोधनातून घेतल्याचे प्रत्येक ठिकाणी नमूद केले.

एप्रिलमध्ये सबमिशन झाले. रंगीत आलेखांमुळे छपाई आणि बाइंडिंगचा खर्च दीड हजारांच्या वर गेला. आलेखांची पाने तेवढी वेगळी रंगीत काढली तर तो बराच कमी होतो. मेमधल्या व्हायवात बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी विचारलेला प्रश्न इथे मुद्दाम देते, कारण तो कोणालाही विचारला जाऊ शकतो. "८०० कडून ८५० कडे, तिथून ८७५ कडे, ऊर्जा पाटाच्या पाण्यासारखी उताराने जाते, हे पटले. पण अभिक्रिया केंद्रातली खास जोडी तर ८६५ ते ८७० ला शोषते. मग शेवटचा टप्पा चढाचा नाही का?" तो चढाचाच आहे. पण चढ इतका लहान आहे की साध्या तापमानाला असलेली उष्णता-ऊर्जा तो पार करायला पुरते. ऊर्जा तिथून एलएच-१ मध्ये परतही येऊ शकते. मात्र केंद्रात पोहोचली की सुमारे ३ पिकोसेकंदांत इलेक्ट्रॉन पुढे ढकलला जातो आणि मग परतीची वाट बहुतेक बंद होते. असेच केंद्र, दुसऱ्या एका जांभळ्या जीवाणूतले, स्फटिकरूपात पाहिल्याबद्दल डायझेनहोफर, ह्युबर आणि मिशेल यांना १९८८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. मी हे सांगितल्यावर मॅडमनी लगेच पुढे विचारले की मग अंतर कमी करून तो टप्पा जलद का केला नाही. अँटेनाचे, म्हणजे प्रकाश गोळा करणारे, रेणू केंद्राला फार जवळ आले असते तर इलेक्ट्रॉन उलट त्यांच्याकडे जाण्याचा धोका वाढला असता, असे उत्तर दिले आणि ते त्यांनी मान्य केले.

कल्चरचे स्टॅब (अगारमध्ये टोचून ठेवलेली वाढ) आणि ग्लिसरॉल स्टॉक (गोठवून जपलेले नमुने) विभागात ठेवले आहेत, सोबत मीडियमचे प्रमाण, फिल्मच्या पट्ट्या आणि एलईडीची पट्टीही आहे. पुढच्या तुकडीतील कोणाला हवे असल्यास विभागप्रमुखांकडे अर्ज करावा. स्टॅब दर दोन महिन्यांनी नव्या मीडियमवर घ्यावे लागते आणि त्याची नोंद फ्रीजवर लावलेल्या वहीत करायची असते.